कल्हई उडालेली देग

सन्माननीय अध्यक्ष वामनराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या विणकर सहकारी संस्थेचे सभासद आणि मागे सतरंजीवर बसलेल्या धुलाईघरातल्या मायबहिणींनो,

सर्वांना शेख जहीरचा आदाब. एकवीस वर्षं मी पुसदच्या या धुलाईघरात कापड पांढरं केलं. आज निरोपाच्या सभेत माझं एवढं गुणगान झालं की, हा कोण भला माणूस, असं मलाच वाटायला लागलं. पण अध्यक्ष महाराज, एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा पाय निघणार नाही.

पूर्वी आपण ब्लीचिंग पावडर वापरायचो. डोळे झोंबायचे, छाती भरून यायची. ते पाणी नाल्यात गेलं की मासोळ्या उलट्या तरंगायच्या, आणि त्याच नाल्याच्या झिऱ्यातून खालच्या वस्तीतल्या बाया पाणी भरायच्या. एकसष्ट साली हायड्रोजन परॉक्साइड आलं. काय असतं हो त्यात? पाणीच, फक्त ऑक्सिजनचा एक कण जास्तीचा. तो कण कापडाचा मळकट रंग काढतो आणि मागे पाणी उरतं. आता ते काही अमृत नव्हे. ही दवा, म्हणजे आपलं परॉक्साइड, दाट असताना हाताला लागली तर चटका बसतो, सोबतचं सोड्याचं पाणीही जपूनच सोडावं लागतं. पण नाल्यात मासोळ्या परतल्या. धुलाईघरातली ही सुखीबाई मला म्हणाली होती, "चाचा, आता नाकाले पदर लावा लागत नाही."

मग गेल्या महिन्यात दवाखान्याच्या चादरींना जागोजाग भोकं पडली. दवाच खराब, असं ठरलं आणि पुन्हा पावडर आणायचा ठराव झाला.

दवा खराब नव्हती. सिमेंटच्या टाकीला चीर गेली म्हणून चादरी दवेत भिजवायला मी घरून देग आणली. पुलाव शिजवायचं मोठं तांब्याचं भांडं, माझ्या हुस्नाबीचं. दुसरी लाकडी टाकी होती की, मग देग काहून, असं आपण विचाराल. हुस्नाबीला जाऊन दोन वर्षं झाली. एकट्यासाठी देग कोण चढवतं? मी दोन भाकरी टाकतो, त्यातली एक उरते. वाटलं, तिच्या भांड्याला चार माणसांचा हात तरी लागेल. पण कल्हईवाल्याला हाक मारायची ती. तिच्यामागे कल्हई उडाली आणि आतलं तांबं उघडं पडलं. तांबं लागलं की ही दवा खवळते आणि कापड खाते. हे तुम्हाला शिकवलं कुणी? मीच.

भोकं पडलेल्या चादरी पाहून आपल्या संस्थेच्या भगवानरावांनी विचारलं होतं, "जहीरभाई, कायनं झालं हे?"

"मले का मालूम?" मी म्हणालो.

नोकरीची भीती नव्हती, ती तर संपतच आली होती. पण दिवसभरात मला नावानं हाक मारणारी माणसं एवढीच आहेत. इथून मान घेऊन गेलो तर कुणी चहाला तरी बोलावेल, या आशेनं मी गप्प बसलो. त्या आशेपायी खालच्या वस्तीच्या पाण्यात पुन्हा पावडर जाणार, हे मला सोसवत नाही.

आपण दिलेल्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. उणंअधिक पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. मी माफी मागतो, पण हे पोटात घालू नका. ठरावाच्या वहीत लिहा, चूक जहीरची, दवेची नाही, आणि तो ठराव रद्द करा. मी इथंच बसतो. सावकाश लिहा. घरी माझी वाट पाहणारं कुणी नाही.