खिडकीचं टेबल

हॅलो? … हो, शिलाईचं दुकानच. … अगं ताई, तू होय! थांब, तोंडातल्या टाचण्या काढते. … हं, बोल. शाळेच्या ऑफिसातूनच ना? मग इतकं हळू का बोलतेस, सर बसलेत शेजारी? … गेले? मग नीट मोठ्यानं बोल की.

… हो, पोरगा आलाय घरी. मागे अभ्यास करतोय. … सांगितलं त्यानं सगळं. जेवणाच्या सुट्टीत खिडकीच्या टेबलावर बसला आणि डबा खाल्ला. एवढंच ना? … मारामारी? कुणी केली? … नाही ना केली? मग!

… कसला नियम? लिहिलाय कुठे? … 'पहिल्यापासून आहे' म्हणजे काय? ज्यांचे बाप-आजे त्या शाळेत शिकले त्यांनी खिडकीशी बसायचं, आणि फी माफ असलेल्यांनी हात धुवायच्या नळापाशी? … हो, हो… अगं ऐक ना! त्या नळाचं पाणी उडतं डब्यात. दोन वर्षं भिजलेलं जेवण जेवतोय पोरगा!

… काय टाईप केलंस? … माफीपत्र? तू? सख्ख्या मावशीनं? … बरं, सरांनी सांगितलं म्हणून. वाच. … वाच तर खरं. … 'मी माझी पायरी सोडून वागलो'… ताई, हे शब्द सरांचे की तुझे? … सरांचेच ना? वाटलंच.

… हो गं, कळतंय. उद्या सकाळी सही नाही, तर वर्गात पाऊल नाही. … तूच खेटे घालून त्याला तिथे प्रवेश मिळवून दिलास, विसरले नाही मी. पण म्हणून… … नाही. नाही म्हणजे नाही. … डोकं अगदी ठिकाणावर आहे माझं!

… आणि ती पोरं त्याला काय म्हणतात, माहितीये? 'जुना कोट'. दुसऱ्याचा वापरलेला कोट घालतो ना, म्हणून. त्या खिडकीवाल्यांच्या म्होरक्यानंच नाव पाडलं. … अगं, सगळ्या शाळेचे कोट माझ्या हाताखालून जातात. कुणाचा आतून कसा आहे ते मला विचार! … नाही, विचारलंस तरी सांगणार नाही. गिऱ्हाइकाच्या अस्तराखालचं मी बाहेर काढत नाही. पोरालाही माहीत आहे, बटणं लावायला माझ्या शेजारी तोच बसतो. एक शब्द बोलला असता तर त्या म्होरक्याची तिथल्या तिथे जिरली असती. नाही बोलला. नुसता जाऊन बसला. … हो, आहेच मला अभिमान! … रडत नाहीये. … बरं, रडतेय. मग?

… थांब, थांब, दाराशी गाडी थांबली. गिऱ्हाईक दिसतंय. धर जरा, फोनवर हात ठेवते.

या, मॅडम. … मुलाच्या कोटाचं अस्तर पुन्हा फाटलं? बघू. … हो ना, आतलं जुनं नाव दिसायला लागलंय. त्याच्या चुलतभावाचं ना? … काळजी करू नका, उद्या शाळेच्या आधी झाकून देते. माझ्याकडून कुणाला कळायचं नाही. … उभ्या का? बसा ना. … तिथे नको, कात्र्या पडल्यात. इकडे खिडकीशी बसा. … बसा हो, संकोच कसला? इथे कुणीही बसतं.

… हॅलो, ताई? आहेस ना? ऐक. पोरगा सही करणार नाही. … नाही म्हटलं ना. उद्या डबा घेऊन त्याच टेबलावर बसेल. वर्गात घेतलं नाही, तर मी येते, सरांना सगळ्यांदेखत विचारते, ही पायरी कुठे बांधलीय ते दाखवा म्हणून. … हळू कशाला बोलू? … कोण म्हणजे? त्या म्होरक्याच्याच आई आल्यात. … हो, समोरच बसल्यात. ऐकू देत की!

… चल, ठेवते. त्यांच्या मुलाचा कोट नीट करायचाय. शाळेत सगळ्यांसारखा दिसायला हवा ना पोरगा.