उसनं मनगट

उसने पैसे सगळेच देतात, मी एकदा मनगट दिलंय.

दिल्लीत शिकून मी कामठ्याला परतलो, ते गावातल्या तलावाचा गाळ काढायचाच, असं ठरवून. सोबतीला वर्षा होती, शाळेपासूनची मैत्रीण. आज ना उद्या तिला मनातलं सांगू म्हणत होतो, तोवर तिचं दवनीवाड्याला लग्न जुळलं.

एक दिवस म्हणाली, "नवरदेवाले स्मार्टवॉच द्यायची आहे. गोंदियाले चाल, तुया हातावर साइज पाहू."

दुकानदाराने माझ्या हातावर लहान डायलचं घड्याळ बांधलं. "भैया, एकदम परफेक्ट!"

"हेच घे," मी म्हणालो.

"नाही. भाऊ, मोठी दाखवा."

मोठ्याचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला, तरी डायल मनगटाबाहेर डोकावत होती. वर्षा खूश झाली. "बस, हेच! तुले मोठी होऊन राहिली, म्हणजे त्यायले बरोबर बसन."

"तुला काय माहीत?"

"हात धरून पाह्यला ना मी त्यायचा!"

तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "दीदी, ये धड़कन भी बताती है. देखो, भैया की कितनी तेज भाग रही है!"

वर्षा काळजीत पडली. "घडी खराब त नाही ना?"

"खराबच आहे," मी म्हणालो. "लहानच घे."