कावळ्याने नेलेली चावी

अभयारण्यातल्या तळ्याकाठच्या मुक्कामतळावर पाण्याच्या नळाला रांग होती. बादली घेतलेल्या आजींच्या पुढेच एका कॅराव्हॅनमधलं, म्हणजे फिरत्या घरासारख्या गाडीतलं, जोडपं भांडत होतं.

"टाकी भरली की लगेच निघू. अंधाराच्या आत पुढचा डोंगर गाठायचाय."

"अहो, पोरांना तळ्यात पाय तरी बुडवू द्या. तीन अभयारण्यं झाली, सगळी खिडकीतून!"

"मग एवढी मोठी खिडकी कशाला घेतलीय?"

"डोंगर काय पळून चाललेत?"

"सुट्टी पळतेय. चावी कुठंय?"

"मला काय माहीत?"

"सीटवरच ठेवली होती! आजी, तुम्ही पाहिलीत का हो?"

आजींनी त्या बाईची घट्ट मिटलेली मूठ पाहिली आणि आभाळाकडे बोट केलं.

"पाहिली ना. कावळ्यानं नेली."

"कावळ्यानं?"

"इथला कावळा गाड्यांच्याच चाव्या उचलतो. मागं एकाची नेली, तो बिचारा इथंच राहिला. लग्न झालं, नातवंडं झाली."

"आणि चावी?"

"संध्याकाळी आणून देतो बहुतेक. तळ्याकाठी बसून वाट बघायची."

तो बायकोकडे बघत राहिला, मग तिच्या मुठीकडे. मग खाली वाकून त्यानं बूट काढले.

"आजी, कावळ्याला सांगा, उद्या सकाळी आणली तरी चालेल."