कठड्याचा बांबू

"हॅलो?… हो, मालनच. बोल, सुमन."

मालनताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. त्या मुळातच हळू बोलत. त्यात आज रामनवरात्राचा सातवा दिवस, नऊ दिवस एकभुक्त, आणि कामगार खात्याच्या ऑफिसातल्या बाकावर बसून सव्वा तास झालेला. मांडीवर मंडळाची इतिवृत्ताची वही होती, धुतल्या पंच्यात गुंडाळलेली. अकरा वर्षं त्या जयपुरातल्या या छोट्या मराठी मंडळाच्या चिटणीस होत्या, आणि वही अशीच गुंडाळून देवघरालगतच्या कपाटात ठेवायची त्यांची पद्धत होती.

"नाही गं, झोपायला कुठली… पूजा पहाटेच झाली… हो, बोल ना, ऐकतेय."

सुमन म्हणजे मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव यांची बायको. दोघींचे नवरे एकाच बँकेतून बदली होऊन इकडे आले आणि दोन्ही घरं मानसरोवर वसाहतीत समोरासमोर रुजली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. एरवी सुमन दारातूनच हाक मारून बोलायची. आज फोन केला होता, आणि आधी उन्हाचं, मग शिंगाड्याच्या पिठाचं काढून झाल्यावर हळूच मुद्द्यावर आली होती.

"मिळाला. काल सकाळीच मिळाला तो कागद… ओळखते ना, उत्तमरावांचंच अक्षर… वाचला. दोनदा वाचला."

कागदावर चार ओळी होत्या. त्या मालनताईंनी वहीत मागच्या तारखेनं उतरवायच्या होत्या. मंडळाने ठेकेदारास सुरक्षेबाबत वेळोवेळी सूचना दिल्या होत्या. एका मजुराने स्वतःच्या मनाने गच्चीच्या कठड्याचा बांबू काढला व त्यामुळे तो मजूर खाली पडला. मंडळाचा यात संबंध नाही.

"नाही उतरवलं… विसरले नाही, सुमन. उतरवायचं नाही, म्हणून उतरवलं नाही… अगं ऐक ना… हो, हो… अगं, आधी ऐक तरी. कोणत्या सूचना दिल्या आपण? एक सांग. एक तरी आठवते का?"

मग सुमन पुन्हा सुरू झाली, आणि मालनताई समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिल्या.

सूचना आली होती ती उलट दिशेनं. भाद्रपदात सभागृहाचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराच्या इंजिनिअरनं, संग्रामनं, मंडळालाच पत्र दिलं होतं. काम करवून घेणारे तुम्ही आहात, तेव्हा काम सुरू होण्याआधी कामगार खात्याला लेखी कळवा. तुमच्याकडून लक्ष ठेवायला एक माणूस नेमा. आणि मला विचारल्याशिवाय मंडळाच्या कुणीही बांधकामावर चढू नये, कशाला हात लावू नये. मालनताईंनी ते पत्र बैठकीत मोठ्यानं वाचलं. उत्तमराव म्हणाले, आपण वर्गणी काढून देवाचं काम करणारी माणसं, आपण काय मजुरांचे मालक आहोत? मजूर ठेकेदाराचे, त्यांचं तो बघेल. सगळे हसले. पोहे आले. मालनताईही हसल्या होत्या, आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पत्र वाचले. दफ्तरी दाखल.

"ते पत्र? आहे की. वहीतच डकवलंय… तू होतीस तेव्हा. पोह्यांच्या बशा तूच देत होतीस… नाही, फाडणार नाही… संग्रामचं चुकलंच. तीन दिवसांत एकदा तरी त्यानं कडेला जाऊन बघायला हवं होतं. त्याचं तो सांगेल. मी आपलं सांगते."

सुमननं मग ते वाक्य काढलं, ज्याची मालनताई कालपासून वाट बघत होत्या. बांबू त्या माणसानं स्वतःच्या हातानं सोडला, हे काय खोटं आहे?

"खोटं नाही. त्यानंच सोडला. माझ्या डोळ्यांदेखत सोडला… आणि कुणाच्या सांगण्यावरून सोडला, ते तुमच्या कागदात कुठं आहे?"

पाडव्याच्या सकाळी मंडळाच्या बायका नऊवारी नेसून, पूजेची ताटं घेऊन नव्या गच्चीवर चढल्या होत्या. वास्तूची पहिली गुढी तिथंच उभारायची, हा हट्ट मालनताईंचा. बाजारातून आणलेली काठी आखूड निघाली, वरून वाकडी. आणि गच्चीच्या कडेनं बांधलेल्या कठड्यातला वरचा बांबू असा सरळ, लांब, सारख्या पेरांचा की सगळ्यांची नजर तिथंच गेली. कजोड नावाचा मजूर स्लॅबवर पाणी मारत होता. जयपूरजवळच्या चाकसूकडचा माणूस; आठच दिवसांपूर्वी शीतलामातेच्या जत्रेतून मालनताईंसाठी पुडीत बांधून प्रसाद घेऊन आला होता. त्यानं हातातला पाइप खाली ठेवला आणि म्हणाला, "माँजी, ये रोक का बाँस है. साब ने मना किया है."

"शाम को वापस बाँध देना, भैया," मालनताई म्हणाल्या होत्या. भगवान का काम आहे म्हणाल्या. मग तो काय बोलणार? त्यानं सुतळी सोडली, बांबू पुसून त्यांच्या हातात दिला. सुमननं त्याला हळदकुंकू लावलं.

संध्याकाळी गुढी उतरवली तेव्हा कजोड बांबू मागायला आला, हे मालनताईंनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"आला होता गं तो. सहा वाजता. दोन्ही हात पुढे करून उभा राहिला… मी दिला नाही… कारण पुजलेली काठी होती, सुमन. गुढीची काठी मजुरांच्या पायांत कशी द्यायची? उद्या दुसरा बांबू पाठवते म्हटलं… नाही पाठवला. नवरात्र बसलं, अभिषेकाची गडबड… नाही, कारण नाही सांगत. पाठवला नाही, एवढंच."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पाइप ओढत, उलट्या पावलांनी कजोड कडेपर्यंत आला. सवयीनं हात मागं टेकायला गेला. दोन मजले. मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, कमरेखाली अजून जाणीव आलेली नव्हती.

"हो, हॉस्पिटलात जाऊन आले. परवा आणि काल… त्याची बायको भेटली ना. तिला आधीच कुणीतरी सांगून गेलंय, तुझ्या नवऱ्याचीच चूक आहे, कागदावर तसंच येणार आहे. ती मलाच विचारत होती, माँजी, चूक त्याचीच ठरली तर आमच्याकडे कोण बघणार?… मी? मी काय सांगणार? मी फळं ठेवली आणि खाली मान घालून निघून आले. सुमन, तुमचा कागद तेव्हा माझ्या पिशवीत होता."

सुमन आता रडवेली झाली असावी. चाळीस घरांचं मंडळ आहे, उत्तमरावांचं वय झालंय, त्यांना या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार का, असं ती विचारत होती. मग एकदम तिला मार्ग सुचला. अथर्वशीर्षाची सहस्र आवर्तनं करू, सगळ्या बायका मिळून, त्या माणसाला आराम पडावा म्हणून.

"करू. जरूर करू. पण आधी आवर्तनं आणि मग खोटं लिहायचं, की आधी खोटं आणि मग आवर्तनं?… टोमणा नाही गं. मी इतकी वर्षं रोज जप करते, एक दिवस चुकला नाही. आणि बांबू मागायला आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवलं, ते त्याच देवाचं नाव सांगून. हे मी कुणाला टोमणा म्हणून सांगू?"

तिकडून आवाज चढला. मालनताईंनी फोन कानापासून जरा लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"काय?… कुठल्या दाराशी?… उत्तमराव? माझ्या?"

म्हणजे ऊन, शिंगाड्याचं पीठ, हे सगळं त्याच्यासाठी होतं. बायकोनं फोनवर बोलण्यात गुंतवून मऊ करायचं आणि तेवढ्यात नवऱ्यानं दारात येऊन वही मागून न्यायची. अठ्ठावीस वर्षांत सुमननं त्यांना कधी फसवलं नव्हतं. मालनताईंना राग यायला हवा होता. पण त्यांना एवढंच दिसलं, की ही बाई घाबरली आहे, आणि आपणही कालपर्यंत अशाच घाबरलेलो होतो.

"त्यांना म्हणावं, बेल वाजवत उभे राहू नका, ऊन आहे. मी घरी नाही… वहीसुद्धा घरी नाही… कामगार खात्याच्या ऑफिसात आहे, सुमन. सकाळी दहापासून… हो, लिहून आणलंय. पत्राचं, बैठकीचं, पाडव्याचं… माझं नाव आहे. मंडळाचं आहे… तुझं नाही लिहिलं. बांबू मी मागितला, तू नाही. पण हळदकुंकू कुणी लावलं असं साहेबांनी विचारलं, तर सांगेन."

आतल्या दारात शिपाई आला आणि हातातल्या चिठ्ठीवरून त्यानं मालनताईंचं आडनाव वाचलं, अर्धवट, हिंदी वळणानं. त्या उठल्या. उपासानं डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली, बाकाच्या पाठीला धरून त्या उभ्या राहिल्या.

"आत बोलावतायत. ठेवते… मंडळातून काढा ना, वही तशीही आता इथंच राहील… नको, सुमन. माझ्यासाठी देवाला हात नको जोडूस. कजोडसाठी जोड."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मालनताईंना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या दारातच थांबल्या.

"कोण म्हणजे? अगं, सात महिने रोज त्याच्या हातचं पाणी पीत होतीस… जो पडला ना, सुमन. त्याचं नाव."

आणि त्यांनी फोन बंद केला.