घुमटाखालचं गवत

लसीच्या रांगेत माझं बाळ खांद्यावर झोपलं होतं. पुढच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते.

“अहो, उद्यापासून स्टेडियमचा घुमट पाडणार आहेत. एकदा बघून येऊ या.”

“मला नाही बघवणार. तू जा.”

“तुम्हीच रंगवलात ना तो? मी राखत होते त्या मैदानातल्या गवताच्या मुळावर उठून!”

“घुमटाच्या काचांमधून ऊन डोळ्यांत जायचं, खेळाडूंना चेंडू दिसेना. साहेब म्हणाले रंगव, मी रंगवलं.”

“आणि ऊन अडून खाली माझं सगळं गवत पिवळं पडलं. वर बघून किती शिव्या घातल्या मी तुम्हाला!”

“सगळ्या ऐकल्यात. घुमटात आवाज छान घुमतो.”

“मग प्लास्टिकचं गवत आलं आणि माझी नोकरी गेली.”

“म्हणून तर माफी मागायला घरी आलो तुझ्या.”

“माफी राहिली बाजूला, लग्नाचं विचारून गेलात!”

“पाडताना बघायला नको गं. बाकी कधीही चल म्हण, येतो.”

“बरं, पाडून झाल्यावर? तिथं पुन्हा ऊन पडेल. गवताचं बियाणं आणून ठेवलंय मी.”

“वेडी आहेस. कुंपणावर कोण चढणार?”

“तुम्ही. चढायची सवय तुम्हालाच.”

“या गुडघ्यांनी?”

“मी धरते ना खालून.”