मुंडकं हलवू नका, मामाजी

नाई सांगत म्हटलं त नाई सांगत. दर वेळेस घरी कोनी पाहुना आला की माही साधना म्हनते, "बाबा, ते वूफरचं सांगा ना," अन् तुमी बी लगेच मांडी घालून बसता. चहा तुमाले भेटते, घसा माहा सुकते. एकाच गोष्टीसाठी मानसाले किती डाव उकराचं... बरं, सांगतो. पन हासाचं नाई. अन् मले शेवटी एवढंच सांगाचं की याच्यात माही काय चूक.

त झालं असं, दोन हजार चार-पाचची गोष्ट. आमच्या राळेगावाकडं त्या साली कपाशीवर लाल्या पडला, अळी पडली, भाव पडला, जे जे पडाचं ते सारं पडलं. उभं राह्यलं ते एकच, माह्या जवायाचं कृषी केंद्र. इंद्रजित त्याचं नाव. मानूस वाईट नाई, पन दुकानदार. फवाऱ्याच्या औषधाचे इतके डब्बे विकले त्यानं की कंपनीनं त्याले बक्षीस पाठवलं. काय पाठवलं? होम थेटर. अळी मेली नाई, पन जवायाले होम थेटर भेटलं.

पाच छोटे छोटे स्पीकर अन् एक काळा डब्बा, हा एवढा. मले वाटलं गहू ठेवाची कोठी हाये. चारी बाजूनं फिरून पाह्यलं, म्हटलं जवाईबापू, याले तोंड कुठी हाये? त तो म्हनते, "मामाजी, हा वूफर हाये. याले तोंड नसते, हा पोटातून बोलते." म्हटलं बरं बावा, पोटातून बोलनारे घरात कमी होते.

आता तुमी म्हनसान लावलं अन् वाजवलं, झालं. तसं नाई. त्याच्यासोबत एक पुस्तक आलतं, इंग्रजी. मी दुसरीत शाळा सोडली, मले मराठी बी अक्षर लावत लावत वाचा लागते. पन जवायानं ते पुस्तक असं वाचलं, असं वाचलं, की लग्नाआधी पोरीची चौकशी बी इतकी केली नसन. म्हनते, "मामाजी, साऱ्या स्पीकरचा आवाज सारखा करा लागते." म्हटलं, कोनाच्या कानानं सारखा? म्हनते, "मेन जागेवर जो बसते त्याच्या." अन् मेन जागा कोनती? त टीव्हीसमोरची आरामखुर्ची. अन् ते खुर्ची कोनाची? माही.

आमच्या घरात फीत कापाची असो का फोटोपुढं मेनबत्ती लावाची असो, पहिला हात मोठ्या मानसाचा. तसा आता पहिला कान बी मोठ्याचाच पाहिजे म्हने. अन् खरं सांगू का, मले बरं वाटलं. आमचं जीन, म्हनजे कापसाचा कारखाना, बंद पडल्यापासून "जेवले का" याच्याबिगर मले कोनी काई विचारलंच नव्हतं. म्हटलं चला, आपल्या कानाले त कोनी विचारलं.

बसलो. जवाई म्हनते, "मुंडकं हलवू नका, मामाजी. आवाज सारखा वाटला की हात वर करा." अन् रिमोट दाबला. समोरून खर्रर्र... मंग उजवीकून खर्रर्र... मंग मागून, जसं कोनी तापल्या तेलात मिरची टाकली. मी आपला बसलो, शाळेतल्या पोरावानी. डावीकून वाजला त मले काई ऐकू येईना. आता डाव्या कानाचं असं हाये का, जिनात माही जागा जिथं होती तिथं रेचा माह्या डाव्या अंगाले पडे. रेचा म्हनजे कापसातून सरकी काढते ते मशीन. उभा जन्म तो माह्या डाव्या कानात बोलला, त आता तो कान फक्त मानापुरता राह्यला. पन हे जवायासमोर कोन सांगते? म्हटलं, डावा कमी येऊन राह्यला. त्यानं वाढवला. म्हटलं अजून कमी हाये. त्यानं अजून वाढवला. शेवटी सैपाकघरातून साधना आली पदराले हात पुसत, "अवं माय, हा डावा कोनाच्या अंगावर जाऊन राह्यला? वरनाचं गंज हालून राह्यलं माहं."

जवाई म्हनते, "मामाजीचा कान हाये, त्याईनं सांगतलं तेच बरोबर." आता मले सांगा, याच्यात माही काय चूक? त्यानं विचारलं, म्या सांगतलं.

मंग पाळी आली वूफरची. त्याचा नियमच वेगळा. पुस्तकात म्हने असं लिव्हलं होतं का आवाज कुठून येऊन राह्यला हे समजलंच नाई पाहिजे. डब्बा कोपऱ्यात, पन आवाज घरभर. जवायानं बटन दाबलं. मले काईच नाई. म्हटलं वाढव. घोंऽऽऽ असं काईतरी फरशीतून तळपायाले लागलं. म्हटलं अजून वाढव. गुडघ्यापरेंत आलं. म्हटलं, वाढव ना, भेतं कायले? अन् मंग, तुमाले सांगतो, ते छातीत आलं. इथं. कानाचा काई संबंधच नाई. अन् म्या हात वर केला. म्हटलं बस. आता याले कोनी हात लावाचा नाई.

तेवढ्यात दुकानावरून निरोप आला, का गिऱ्हाईक भांडून राह्यलं, म्हनते औषध मारलं त अळी अजून ताजी झाली. जवायानं रिमोट माह्या हातात देला, "मुंडकं हलवू नका, मामाजी, आलोच मी." अन् गेला. साधना पान्याले गेली. आवाज तसाच चालू, घोंऽऽऽ... अन् मी एकटा.

आता तुमी म्हनसान बुढ्यानं बंद काहून नाई केलं. काहून करीन? तो आवाज माह्या ओळखीचा होता ना बावा. दिवाळी झाली की आमचं जीन सुरू होये अन् असाच आवाज जमिनीतून घराघरात येये. गंजातलं पानी थरथरे. रस्त्यानं कापसाच्या बंड्या उभ्या, बैल रवंथ करत, हाटेलात भजे, अन् पाळी सुटली की बाया बाहेर येत त साऱ्या पांढऱ्या, भुवयाईवर बी रुई. माही बायको प्रभावती त्याच बायाईत. घरी आली की पहिले अंगनात लुगडं झटके, मंग पोरीले जवळ घे. अन् मशीनचा पट्टा तुटला, आवाज बंद झाला, की बाकीचे लोकं झोपत, हे उठून बसे. म्हने, "अवो, काईतरी झालं जिनात." म्या म्हनो, अवं, झोप ना, तुह्या बापाचं हाये का जीन? त म्हने, "मंग कोनाच्या बापाचं हाये?"

ते गेली तई जीन चालूच होतं. बरं झालं. बंद जिनाच्या गावात तिले झोप नसती आली.

त मी असा डोये मिटून बसलो. मुंडकं नाई हलवलं. मोठ्या मानसानं सांगतलं त लहानानं ऐकावं, अन् लहानानं सांगतलं त मोठ्यानं ऐकावं, अशी माही रीत. याच्यात माही काय चूक?

आता एक गोष्ट सांगाची राह्यली. जवायानं घर बांधलं होतं जिनाच्या भिंतीले भिंत लावून. जीन बंद, जागा सस्ती. अन् त्या वूफरची खर्रखुर्र काई नसते, नुसती जाड घुमघुम, ते भिंतीतून पार होये अन् पूरा मोहल्ला धरे. दिवाळी होऊन गेलती, हंगामाचे दिवस, दुसऱ्या पाळीची वेळ. बायाईनं ऐकलं ना. काई कोनी विचारपूस नाई केली. पटापट डोक्शाले फडकी बांधली, डब्यात भाकर टाकली अन् निंघाल्या जिनाच्या फाटकाकडं. रुपीबाई सगळ्याईच्या पुढं. तांड्यावरची रुपीबाई, माह्या रेच्यावर कापूस टाके ते. तिनं फाटक असं वाजवलं म्हने का चौकीदार किसनराव चपला उलट्या घालून पयत आला.

"किसनभाऊ, खोल."

"काय खोलू? कुलूप हाये ना."

"आतमंधी जीन चालू हाये अन् कुलूप हाये म्हनते. आमाले येडं समजते का?"

किसनराव कुलपाले हात लावून पाहे, शेडच्या भिंतीले कान लावून पाहे. भिंत घुमून राह्यली. मानूस घाबरला. त्यानं जिनाच्या शेठले फोन लावला, "शेठ, जीन चालू हाये." शेठ म्हने, कोनं चालू केलं? हा म्हने, "मालूम नाई जी. कुलपात हाये, अन् चालू हाये."

इकडं रुपीबाई कान देत देत भिंतीभिंतीनं निंघाली, मांगं साऱ्या बाया, अन् दार उघडं पाहून सरळ जवायाच्या घरात. म्या डोये उघडले त समोर डोक्शाले फडकी बांधलेल्या बायाच बाया. मले वाटलं मी मेलो. म्हटलं हे बरं हाये, वर बी दुसऱ्या पाळीलेच बोलावते.

रुपीबाई म्हने, "पंजाबभाऊ, जीन कुठी हाये?"

म्या डब्ब्याकडं बोट केलं. दुसरं काय करू?

तिनं डब्ब्यावर हात ठेवला. तशीच उभी राह्यली. भाकरीचा डबा कडेवर. मंग तिनं मले ज्या शिव्या देल्या, त्या मी इथं सांगत नाई, गोरबोलीतल्या, त्याईच्या बंजारा भाषेतल्या होत्या, निम्म्या मले समजल्या बी नाई, पन ज्या समजल्या त्या लागल्या. म्हने, "मी शेजारनीले पोरगं देऊन आली. घरच्या मालकाले सांगून आली, चालली कामाले." म्हटलं, रुपीबाई, म्या फक्त हात वर केला.

बंद करतो म्हनून म्या रिमोट उचलला. त मागून एक बाई म्हने, "राहू दे ना, भाऊ." दुसरी म्हने, "पन इतका मोठा नव्हता आवाज." तिसरी म्हने, "दुपारपाळीले असाच होता, तू सरकीकडं बसे, तुले काय मालूम." अन् झालं सुरू. थोडा कमी कर. हं, आता थोडा वाढव. नाई, खाली जाड होता. रुपीबाई हात डब्ब्यावरून काढेना, डोये मिटून म्हने, "एक डाव वाढव... बस. आता हाये." अन् साऱ्या जनी फरशीवर बसल्या. डब्बे सोडले. चटनी इकडं, कांदा तिकडं. साधना पानी घेऊन आली त दारातच उभी राह्यली. जवाई आला, त्यानं पाह्यलं का ज्या कामाले मेन जागेवरचा एक कान लागते ते बायाईनं भाकर खात खात केलं, त्यानं बी पुस्तक बंद करून ठेवलं.

अन् तेवढ्यात शेठ आला. गाडी घेऊन. जीन बंद पाडलं तई फाटकावर सांगाले बी आला नव्हता, एक दिवस नुसतं कुलूप दिसलं होतं आमाले. पन कुलपात मशीन चालू म्हटल्याबरोबर आला, घामाघूम. दारातून पाह्यलं, डब्बा पाह्यला, बाया पाह्यल्या, अन् माह्यावर बोट रोखलं. "पंजाबराव, एवढं वय झालं तुमचं. गरीब बायांना अशी खोटी आशा लावता? फसवता लोकांना? लाज वाटायला पाहिजे."

मले. मले म्हटलं बरं का.

म्या रिमोटचं बटन दाबलं. आवाज बंद झाला. अन् त्या शांततेत रुपीबाई उठली, डब्याचं झाकन लावलं अन् विचारलं, "शेठ, खरं जीन कई चालू करता?"

शेठनं घड्याळ पाह्यलं. म्हने, "बघू."

गाडीत बसला, गेला. पुढच्या सालात ट्रक आले अन् रेचे भंगारात गेले. डाव्या अंगाचा बी गेला. म्या पाह्यलं जाताना.

आता रुपीबाईनं दुसऱ्याच दिवशी येऊन म्हटलं, "भाऊ, राग नको धरू, तोंडातून निंघालं." जवाई म्हने, "मामाजी, रिमोट म्याच देलता." साधनानं त पान्याले गेली म्हनून उगाच माफी मांगतली. किसनराव चहा पाजून गेला. सारे आले. फसवनारा म्हनून जो बोलला तेवढा एकच नाई आला अजून. घर त्याले मालूम हाये, दार उघडंच असते, मी खुर्चीत असतो, मुंडकं बी हलवत नाई. पन कायचा येते... कमलाकरशेठ.