पावतीवर नाव

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते.

“ताई, आपल्या ट्रस्टनं जिला शिलाई मशीन दिलं, ती काल माझ्याच दारात आली.”

“बोंबला. कळलं तिला? आजोबा काय सांगून गेलेत? आपल्या ज्यू धर्मात दान म्हणजे उपकार नाही, न्याय. घेणाऱ्याला देणारा कळता कामा नये.”

“कसलं कळतंय. वर्गणी मागायला आली होती. तिला शेजारणीला मशीन घेऊन द्यायचंय.”

“आणि तू?”

“हसू दाबून दिली. तर विचारते, पावतीवर नाव काय घालू? म्हटलं, नाव नको.”

“मग?”

“वैतागलीच. म्हणाली, ‘मलाही असंच कुणी बिननावाचं दिलं. आता आभार कुणाचे मानू?’”

“काय बोललास?”

“म्हटलं, शेजारणीसाठी वर्गणी मागताय ना, त्यातच मानलेत की.”